मानहाइमचा दगड

सूर्यमाळच्या नवशाने जर्मनीला यायची तयारी दाखवली तेव्हा मला वाटले, माझ्यावरच्या मायेने येतोय. मी जव्हार संस्थानचा ओव्हरसियर. गावाला पाणी चढवायचा पंप पाहून यायला दरबारने मला मानहाइम नावाच्या शहरी धाडले, आणि माझे पोट पडले नाजूक. भात रांधून घालणारे कोणी बरोबर हवे होते. कचेरीतले बाकीचे शिपाई समुद्राचे नाव काढताच आजारी पडले. नवशा तेवढा म्हणाला, "मी येतो साहेब."

खरे कारण त्याने बोटीवर सांगितले. काळ्या हा त्याचा थोरला भाऊ. तो महायुद्धात सरकारचा मजूर म्हणून गेला आणि बसऱ्याला मेला. तसा निरोपही घरी आला होता. पण त्यांच्या पाड्याची रीत अशी, की परमुलखात मेलेल्याचा दगड घरी आणायचा, आणि तो आपण उचलायचा नाही. तिकडच्या माणसाने आपल्या हाताने द्यायचा. चोरून आणलेल्या दगडातून माणूस घरी येत नाही म्हणे. दगड येईस्तोवर घरात रडायचे नाही. नवशाची आई रामी पाच वर्षे रडली नव्हती, आणि काळ्याची बायको चैती गळ्यात मणी तसेच ठेवून बसली होती.

"अरे शहाण्या, बसरा कुठे आणि जर्मनी कुठे!" मी म्हणालो.

"लढाई यांचीच ना साहेब? मंग यांनीच द्याया पायजे."

आता याच्यापुढे कपाळ बडवायचे का? बसऱ्यात तुर्क लढत होते हे समजावत बसलो असतो तर मानहाइम आले असते आणि गडी तिथल्या तिथेच राहिला असता.

रविवारी कारखाना बंद. मी पायी शहर बघायला निघालो, नवशा मागे. मानहाइमच्या जुन्या भागातल्या गल्ल्यांना नावेच नाहीत. सगळ्या सरळ आखलेल्या, आणि घरांच्या प्रत्येक चौकोनाला एक अक्षर आणि एक आकडा. ती आखणी पाहून माझ्यातला ओव्हरसियर फार खूश झाला, आणि थोड्याच वेळात वाट चुकला. नवशाला आखणीशी देणेघेणे नव्हते. तो दिसेल त्या माणसापुढे ओंजळ करून उभा राही आणि जमिनीकडे बोट दाखवी. एका बाईने त्याच्या हातावर नाणे ठेवले, ते त्याने नीट परत केले. ऱ्हाइन नदीपलीकडे फ्रेंचांच्या पलटणी ठाण मांडून होत्या, त्यांत आफ्रिकेचे शिपाई होते. आम्हाला त्यांतलेच समजून लोक रस्ता ओलांडून जात. एका दुकानदाराने तर आम्हाला पाहून दार लावून घेतले.

मला शरम वाटू लागली. दरबारचा माणूस मी, आणि माझा शिपाई भर रस्त्यात भीक मागतोय असे जगाला दिसत होते. "पुरे झाली शोभा. चल माघारी!" मी ओरडलो.

"जरासं साहेब. आयला काय सांगू?"

दुसऱ्या, लहान नदीवरचा पूल ओलांडून आम्ही गावाबाहेर आलो. तिथे एका भिंतीआड दफनभूमी होती. थडग्यांवरची अक्षरे मी ओळखली. आमच्या ठाण्याकडच्या शनवारतेल्यांच्या, म्हणजे यहुद्यांच्या, थडग्यांवर असतात तीच. आणि थडग्याथडग्यावर लहान लहान खडे ठेवलेले. नवशा दारातच थबकला. इतके खडे असूनही त्याने एकालाही हात लावला नाही.

काळ्या कपड्यांतली एक म्हातारी एका थडग्यापाशी उभी होती. नवशाने तिच्यापुढे ओंजळ धरली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले, वाटेवरचा एक खडा उचलला आणि त्याला दिला. नवशाने तो कपाळाला लावला. म्हातारी मात्र थडग्याकडे बोट दाखवत होती.

"नवशा, तो तुला नाही," मी म्हणालो. सांगताना जिवावर आले. "तिच्या घरच्या माणसाच्या थडग्यावर ठेवायला दिलाय."

नवशाने खडा थडग्यावर ठेवला आणि हात जोडले. मग त्याने छातीवर हात ठेवला, खांद्यावर बंदूक धरल्यासारखे केले, डोळे मिटून मान टाकली आणि दूर बोट दाखवले. हातानेच त्याने म्हातारी आई दाखवली, पदर डोक्यावर घेतलेली. तिने थडग्यावरच्या खड्यांतून एक जुना, शेवाळलेला खडा काढला, नवशाच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटे आपल्या हाताने मिटली. थडग्यावर शिपायाचा टोप कोरला होता; त्याखालचे इंग्रजी लिपीतले नाव आणि जन्म-मृत्यूची साले मी वाचून घेतली.

परतल्यावर मीही सूर्यमाळला गेलो. मला कोणी बोलावले नव्हते, पण घरी बसवेना. रामी खळ्यावर नाचणी झोडत होती. तिने खडा हातात घेतला.

"कोनी दिला?"

"एका आयनं," नवशा म्हणाला. "तिचा पोरगा बी लढाईत मेला. त्याच्या थडग्यावरचा हाय."

रामीने माझ्याकडे पाहिले. "कवढा व्हता?"

"एकोणीस वर्षांचा," मी सांगितले.

"माझ्या काळ्याहून धाकला." ती खाली बसली. "नाव काय त्याचं? नावाबिगर रडू कशी?"

"यूलियस."

तिने ते दोनतीनदा तोंडात घोळवून पाहिले, आणि मग खडा छातीशी धरून पाच वर्षांनी गळा मोकळा केला. "युल्या रे! माझ्या युल्या!" आधी तिने त्याला हाक मारली, मग काळ्याला. चैतीने गळ्यातले मणी तोडले आणि सासूच्या मांडीवर डोके ठेवले. मीही रडलो.