सुंद्रीची धार

गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात आणि माणसं आपापल्या म्हशीपाशी. डोळ्यांदेखत काढलेली धार, फेसानं भरलेला कोमट ग्लास, उभ्यानं रिकामा करायचा, विसळून पालथा घालायचा, चालायला लागायचं. तानाबाईच्या सुंद्रीचे बारा ग्लास निघत आणि गिऱ्हाइकंही बाराच, वर्षानुवर्षांची. सडाला हात लावायच्या आधी तानाबाई नजरेनंच त्यांची हजेरी घ्यायची. दिवाळीपासून हजेरी बिघडली होती. आज जुनी माणसं चारच होती.

बिघडवली तिच्या बहिणीच्या पोरानं. पृथ्वीराज बाहेरगावच्या लोकांना 'कोल्हापूरकरांसारखं खायला' शिकवायचा. सकाळी अंबाबाई, मग मिसळ, दुपारी पन्हाळा आणि तांबडा-पांढरा, शेवटी मावशीची म्हैस. पाहुण्यांना मिसळीला कट कमी लागायचा, तांबड्यात तिखट कमी लागायचं. फोटो तेवढा भरपूर लागायचा.

आज पाहुणे बाराजण होते, म्हणजे सगळे ग्लास त्यांनाच. पृथ्वीराजनं त्यांना सरळ पुढं आणलं.

"मागं," तानाबाई म्हणाली.

"मावशी, ह्यांची गाडी हाय सात वाजता."

"आबांची भूक साडेसहाची हाय. मागं."

आबा म्हणजे हंबीरराव. तालमीत आयुष्य गेलेलं, सत्तरी उलटलेली, पण मान अजून खांद्यात रुतलेली. रांगेत पहिला नंबर त्यांचाच. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि जे रोज म्हणायचे तेच म्हणाले, "असू दे तानाबाई. पावणं हाईत. आधी त्यास्नी दे."

मागच्या श्रीपाल चौगुल्यांनी लगेच मान डोलावली. राजारामपुरीतलं दुकान टाकून आलेला माणूस, पण मोठेपणात आबांच्या मागं कसा राहील? "व्हय व्हय, आमचं काय, रोजचंच हाय." त्यांच्या मागं उभ्या महंमद मिस्त्रींनी आणि शेवटच्या चौथ्या गिऱ्हाइकानंही हात जोडून वाट दिली.

तानाबाईच्या कपाळाची शीर उडाली. गेले दोन महिने हेच चाललं होतं. पहिले दोन दिवस वाट द्यायची, तिसऱ्या दिवशी रिकाम्या तोंडानं घरी जायचं, चौथ्या दिवशी यायचंच नाही. भांडून गेलेलं गिऱ्हाईक परत येतं. असं हसत गेलेलं येत नाही. आठजणं गेली होती ती अशीच, हसत.

तरी तिनं रेडकू सोडलं, सुंद्रीला पान्हा फुटला आणि पहिला ग्लास भरून पुढच्या पाहुणीच्या हातात दिला. पाहुणीनं तो दिव्यासमोर धरला, मोबाईलकडं बघून ओठाला फेस लावला, पृथ्वीराजकडं वळली. "हे उकळलेलं नसतं?"

"म्हशीच्या पोटात चूल न्हाय, बाई," तानाबाई म्हणाली.

पाहुणी हसली. मग दोन पावलं बाजूला होऊन तिनं उरलेला, म्हणजे जवळजवळ सगळाच, ग्लास गटारीत ओतला.

तानाबाई उठून उभी राहिली. पण पाहुणीकडं गेली नाही, हंबीररावांपुढं गेली.

"बघितलंसा? तुमचा ग्लास व्हता तो."

"असू दे की. त्यास्नी सवय न्हाय."

"तुम्हाला हाय न्हवं? मग प्या. आता पुढचा ग्लास तुम्ही घेतल्याबिगर मी खाली बसणार न्हाय."

"दिलेला नंबर परत घ्यायचा नसतो, तानाबाई."

"तुमचं मोठेपण माझ्या म्हशीच्या सडातनं काढताय व्हय, आबा? दानशूर व्हायचंय तर घरातलं वाटा. श्रीपालअण्णा, तुम्ही या पुढं."

श्रीपालअण्णा आपल्या चपलांकडं बघू लागले. आबांच्या आधी प्यायचं म्हणजे काय? मिस्त्री श्रीपालअण्णांच्या आधी कसे पितील? पृथ्वीराज म्हणाला, "मावशी, कुणालाबी दे, पर काढ. म्हस हललीया."

खरंच हलली होती. पान्हा काय कुणाच्या मानपानासाठी थांबतो? सुंद्रीनं पाय झाडला, शेपटी आपटली. तानाबाई घाईनं बसली, सड ओढले. दोन थेंब. पुन्हा रेडकू लावलं. म्हशीनं त्यालाही लाथ मारली. पान्हा चोरला तो चोरलाच.

"आता?" पृथ्वीराज म्हणाला.

"आता काय, कोल्हापूरकरांसारखं उपाशी जावा."

पाहुणे कुरकुरत गाडीकडं गेले, त्यांच्यामागं हात हलवत पृथ्वीराज. तानाबाईनं कोरडे अकरा ग्लास बादलीत टाकले आणि म्हशीचं दावं सोडलं.

"उद्या येतो," हंबीरराव हळू आवाजात म्हणाले.

"नका येऊ. रांगेत उभं राहून दुसऱ्याला वाट दाखवायला माणूस लागत न्हाय, दगड पुरतो."

आबांची मिशी थरथरली. एवढं त्यांना आखाड्यातही कुणी बोललं नव्हतं.

"पितो," शेवटी ते म्हणाले. "पहिला. पावणा असला तरी."

"तोंडानं नका सांगू," तानाबाई म्हणाली आणि सुंद्रीला हाकत निघाली. राग अजून तसाच होता. उद्या सुंद्री पान्हा सोडेल की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं.