एका बारला एकशे चाळीस

मंगळवार, सकाळी पाच वाजून वीस मिनिटं. वजनकाट्यावरचा आकडा दोनशे चाळीसवर थांबला, एकानं उतरला, पुन्हा चढला. ओट्सचा एक दाणा पातेल्याच्या कडेला चिकटून होता. स्वरदानं तो नखानं आत ढकलला. आकडा हलला नाही. इतकं थोडं काट्याला कळतच नाही... माणसालाही नाही, एकेक चमचा वाढत गेला तर—तिनं विचार तिथेच तोडला आणि ओव्हन एकशे साठवर लावला.

खिडकीखालून जवानांची एक तुकडी पळत गेली. एप्रिलचा शेवटचा आठवडा. लखनौत या दिवसांत पहाटेचीच हवा कढत होऊ लागते. तिचा नवरा धैर्यशील जागा होता. बाथरूममधल्या काट्याचा टक् असा आवाज आला—तो काट्यावर चढला होता. थोडा वेळ गेला. पुन्हा टक्. बनियन काढून चढला असेल.

आज त्याची वार्षिक वैद्यकीय तपासणी. साडेसातला, उपाशीपोटी. म्हणजे आज भाजलेला बार तो तपासणी आटोपल्यावर खाणार. या बारनं आजच्या वजनात काडीचा फरक पडणार नव्हता. हे तिच्या कालच लक्षात आलं होतं, तरी घड्याळ लावून ती पाचला उठली. मागचा डबा काल संध्याकाळी संपला होता. एका खेपेला बारा बार, सकाळी एक, संध्याकाळी एक, सहा दिवस—अकरा आठवडे हे बिनचूक चालू होतं. घरात दुसरं काहीच इतकं बिनचूक चालू नव्हतं.

तिनं खजूर चिरला, जर्दाळू चिरले. मलिहाबादहून गेल्या जूनमध्ये धैर्यशीलनं दसहरी आंब्यांची पेटी आणली होती, त्यांची आंबापोळी तिनं गच्चीवर वाळवून ठेवली होती. तिचे बारीक तुकडे केले. केळं कुस्करलं. फळं एवढीच. मग काजूची पूड, दुधाची पावडर, आणि तूप... चमचा बरणीत गेला आणि तिथेच थांबला. आज कशाला? आज तर उपयोग नाही. चमचा थांबलेला तिनं पाहिला, जणू दुसऱ्या कुणाचा हात होता, आणि मग नेहमीसारखे सहा चमचे मोजून घातले. आता कृतीच तशी झाली होती. तूप न घातलेल्या बारची चव कशी होती, हे तिला आठवेना.

डब्यावर लेबल होतं, तिच्या अक्षरात. ओट्स, केळं, जर्दाळू, खजूर, आंबा. एका बारला एकशे चाळीस कॅलरी.

खरा आकडा, सगळ्या खेपांची सरासरी धरून, दोनशे साठ होता. अंदाज नव्हे, अंदाज करण्याचा तिचा पेशा नव्हता. चिनहटच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती, आणि पाकिटावर छापलेलं पाकिटात आहे की नाही ते तपासून खाली सही करणं हेच तिचं काम होतं. तीन वर्षांत तिची एकही सही खोटी ठरली नव्हती. एका बारमागे एकशे वीस जास्त, दिवसाला दोन, सत्त्याहत्तर दिवस: अठरा हजार चारशे ऐंशी. सात हजार सातशेला एक किलो धरला तर दोन किलो चारशे ग्रॅम. हे गणित तिनं कुठल्या कागदावर मांडलं नव्हतं. मांडावं लागलं नव्हतं.

पहिल्या खेपेला मिश्रण कोरडं झालं होतं, म्हणून तिनं एक चमचा तूप घातलं. ते खरंच कोरडं झालं होतं. हे मी कुणासमोरही सांगेन. फक्त लेबल आधी लिहून झालं होतं आणि ते मी बदललं नाही... दुसऱ्या खेपेला दोन चमचे. तेव्हा मिश्रण कोरडं नव्हतं.

फेब्रुवारीतली ती संध्याकाळ. दुपारी प्रयोगशाळेचे प्रमुख श्रीवास्तवजी तिच्या टेबलाशी आले, चष्मा पुसत म्हणाले, "मैडम, अगस्त में हम तो चले। कुर्सी आपकी है, ऊपर बात हो चुकी। बस, लखनऊ मत छोड़िएगा।" घरी येईपर्यंत फैजाबाद रोडवरच्या दीड तासाच्या वाहतुकीत ती एकटीच हसत होती. बेचाळिसाव्या वर्षी खुर्ची. लग्नानंतर सात गावं झाली होती, आणि प्रत्येक गावचं एक प्रमाणपत्र तिच्या फाइलमध्ये होतं—सात महिने, अकरा महिने, एका ठिकाणी फक्त चार... 'त्यांनी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला.' वैयक्तिक. बदलीची ऑर्डर सरकारची, आणि कारण वैयक्तिक.

"अरे वा! बाईसाहेब हेड!" धैर्यशील म्हणाला होता. मॅच चालू होती. मग पडद्यावरची नजर न काढता, "पण ऑगस्टनंतर आपण इथे असणार कुठे? प्रमोशन बोर्डात नाव निघालं की कर्नल, आणि कर्नल झालो की युनिट. थेट कमांड."

"आणि मी नाही आले तर?" तिनं हसत विचारलं होतं.

"सीओची बायकोच नाही आली तर युनिट मला हसेल की गं." तोही हसला. "तिकडे बायकांसाठी बेकिंगचे क्लास काढ. सुपरहिट होतील बघ."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, तेच तर. भांडावं असं काही तो बोलला असता तर ती भांडली असती. कमांडिंग ऑफिसरची बायको ही एक नेमणूकच असते. त्या नेमणुकीचं पत्र मात्र बायकोला येत नाही. तिनं अशा चार बायका जवळून पाहिल्या होत्या. त्यांतली एक डॉक्टर होती, आणि युनिटच्या मेळाव्यात पापडाच्या स्टॉलची फीत कापत होती.

त्याच संध्याकाळी, मॅच संपल्यावर, तो म्हणाला होता, "आणि हे बघ, वजन दोन किलो आत आणायचंय. मेडिकलमध्ये शेप वन, म्हणजे पूर्ण फिट, नसलो तर कमांडचं नावच नको. तुझं ते ओट्सचं काहीतरी कर ना, नाश्त्याला. तुमच्या फॅक्टरीसारखं लेबल-बिबल लावून."

ओव्हनमधून वास सुटला. भाजलेला आंबा, तूप. माहेरी दिवाळीला असा वास यायचा. बार म्हणायचं, पण थाळ्यात मिश्रण थापताना हाताला वडीच आठवते, आणि सुरी आपोआप तिरकी चालते, मग ती सरळ करावी लागते.

सहा वाजून दहा मिनिटांनी वेदिका आली, एका हातानं वेणी घालत, दुसऱ्या हातानं मोबाइल बघत. अकरावीत होती. मराठी सगळं समजायचं, बोलायची हिंदी.

"मम्मा, एक दो ना, बस में खा लूँगी।"

"ते बाबांचे आहेत."

"बाबा तो आज भूखे प्यासे हैं।" तिनं गरम बार उचललाच, फुंकर मारून कोपरा तोडला. "यार, ये डाइट वाले लगते ही नहीं। सच बताओ, क्या डालती हो?"

"आंबा."

"बस आंबा? झूठ।" ती हसली, बार रुमालात गुंडाळून दप्तरात टाकला आणि गेली. 

झूठ. जिना उतरणाऱ्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत स्वरदा सुरी धरून उभी होती.

मग धैर्यशील आला. पीटीच्या कपड्यांत, केस अगदी बारीक कापलेले.

"काल केस कापले, नखं काढली," तो म्हणाला. "तेवढेच दहा-वीस ग्रॅम. हसू नकोस."

"हसले नाही."

"पाणी प्यायलो एक घोट. तेवढं मोजतील?"

"एका घोटाचे वीस-पंचवीस ग्रॅम."

"म्हणजे तू मोजतेस." तो स्टुलावर बसला. गेल्या दोन महिन्यांत त्यानं रम सोडली होती, भात सोडला होता, संध्याकाळी सहा किलोमीटर पळत होता. त्याचे गाल बसले नव्हते पण डोळ्यांखाली काळं आलं होतं. "सत्त्याऐंशी तीनशे दाखवतोय. पंच्याऐंशी पाहिजे. मला कळतच नाही गं. थायरॉइड बघितलं, साखर बघितली. सगळं नॉर्मल. माझ्यातच काहीतरी बिघडलंय."

सत्त्याऐंशी तीनशे वजा दोन चारशे. चौऱ्याऐंशी नऊशे. वजाबाकी इतक्या झटकन झाली की तिला ती थांबवता आली नाही.

मार्चमध्येही त्यानं असंच विचारलं होतं, याच स्टुलावर बसून: तू यातली आहेस, तू सांग, मी कुठे चुकतोय? आणि तिनं सांगितलं होतं, तुझी झोप कमी होतेय. त्यानंतर तो साडेनऊला झोपू लागला. सांगितलेलं तो ऐकतो. शिस्तीचा माणूस. आदल्या वर्षी पाठीच्या दुखण्यात तिचं डोकं त्यानंच दोन आठवडे धुऊन दिलं होतं, बादलीनं, मगानं, कानात पाणी जाऊ न देता... हे आत्ता आठवायचं काही कारण नव्हतं.

"आणि नाहीच आलं आत, तर?" तिनं विचारलं. आवाज तिला हवा तसा निघाला.

"तर काय. बोर्ड जाईल. बॅचमधले सगळे पुढे, मी इथेच फायली सांभाळत." त्यानं डबा उघडून दोन बार कागदात घेतले. "वीस वर्षं ज्यासाठी घासली, ते दोन किलोवरून जायचं म्हणजे... जाऊ दे. सुटल्या सुटल्या हे खाणार. पोटात कावळे ओरडतायत." दारातून वळून त्यानं अंगठा दाखवला.

इथेच फायली सांभाळत. लखनौत. हेच तिला हवं होतं, शब्दन् शब्द. तिनं थाळा घासायला घेतला. तळाशी साखरेसारखी करपलेली फळं चिकटली होती. ती निघेपर्यंत घासला, निघाल्यावरही घासला.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी प्रयोगशाळेत फोन आला. तिच्यासमोर बिस्किटांचे सहा नमुने होते, पाचव्याची चरबी छापल्यापेक्षा अर्ध्या ग्रॅमनं जास्त निघाली होती आणि ती ते नोंदवत होती.

"एक किलो नऊशे वर," धैर्यशील म्हणाला. त्याच्या मागे कुणीतरी नंबर पुकारत होतं. "त्यांच्या काट्यावर शहाऐंशी नऊशे."

तिनं पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर पोरगाच आहे, कॅप्टन. म्हणाला, सर, फॉर्म शुक्रवारी पुढे जाईल, रक्ताचे रिपोर्टही तेव्हाच. त्याच दिवशी साडेआठला एकदा परत वजन करून बघू. चांगला आहे बिचारा. विचारत होता, घर में क्या खाते हैं? मी म्हटलं, त्याची चिंताच नको, बायको लॅबमध्ये आहे, एकेक ग्रॅम मोजून देते."

"धैर्य, त्या बारमध्ये—"

"हां, तेच सांगतोय. पोळी-बिळी सगळं बंद. शुक्रवारपर्यंत फक्त तुझे बार. दिवसाला सहा. सहा चोक चोवीस, आठशे चाळीस कॅलरी. उतरेल ना? तू सांग."

सांगायला एकच वाक्य लागणार होतं, आणि ते तिच्या तोंडात तयार होतं, व्याकरणासकट. तो ते ऐकेल, मग म्हणेल... काय म्हणेल? आणि इथे तिला जाणवलं की तो आधी हसेल. त्याला ते खरं वाटणार नाही. अकरा आठवडे तो स्वतःच्या ग्रंथींवर संशय घेत होता, झोपेवर, वयावर, वडिलांकडून आलेल्या हाडापेरावर. बरणीतल्या तुपावर एकदाही नाही. याला इतके दिवस मी विश्वास समजत होते, आणि तो विश्वास मला रोज पहाटे टोचत होता. पण विश्वास माणूस तेव्हा ठेवतो, जेव्हा समोरचा घात करू शकेल हे त्याला माहीत असतं. ज्याच्यापाशी गमावण्यासारखं काही आहे, तोच घात करतो. माझ्यापाशी तसं काही असेल, हे त्याच्या मनात आलेलंच नाही. फेब्रुवारीत नाही, आधीच्या सात गावांत नाही. खुर्चीबद्दल त्यानं त्यानंतर एकदाही विचारलं नव्हतं.

अपराधीपणाची इतकी सवय झाली होती की तो जागेवर नाही हे कळायला तिला थोडा वेळ लागला. त्याच्या जागी जे आलं होतं ते थंड होतं, आणि त्यात सुटका अजिबात नव्हती.

"स्वरदा? आहेस ना?"

"आहे."

"उतरेल ना?"

सहा गुणिले दोनशे साठ, पंधराशे साठ. तीन दिवस. पोळी-भाजी बंद, पाणी उतरेल, धावणं चालूच... उतरेलही. किंवा नाही. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा तिला उत्तर काढता येईना.

"बघू," ती म्हणाली.

"संध्याकाळी जास्तीचे करून ठेव मग," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

घरी डब्यात नऊ बार होते. शुक्रवारपर्यंत अठरा लागणार होते, म्हणजे आज पुन्हा एक खेप. कोणत्या प्रमाणानं, ते ठरलेलं नव्हतं. तिनं पाचव्या नमुन्यावर 'नापास' लिहिलं, खाली सही केली आणि सहावा उघडला.