नाकाच्या वाटेनं

एमआयडीसीमागच्या वस्तीत कीर्तन रंगात आलं होतं. टाळकऱ्यांच्या रांगेत सुपडू डोळे मिटून डोलत होता. बुक्का लावत आलेल्या वनाआबांनी त्याच्या कपाळी बोट टेकवलं.

"मस्त वास शे ना रे?"

"हा आबा, एकदम मस्त!"

"खोटाड्या! सुगंधी बुक्का संपना. आज नुसती कोळसानी पूड शे."

रांग खो खो हसली. बायकांत बसलेली कमलबाई, सुपडूची बायको, तेवढी हसली नाही. परवा दूध जळून पातेलं काळं झालं, आणि हा गॅसशेजारीच बसून मजेत गुणगुणत होता. तेव्हा तिला राग आला होता. आता कळलं, त्याला जळल्याचा वासच आला नव्हता.

घरी येताच तिनं विचारलं, "कव्हयपासून?"

"दिवायीपासून," तो खाली बघत म्हणाला. "तू घाबरशी म्हनीसन सांगं नही."

सुपडू प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यात होता, जुनं प्लास्टिक वितळवून दाणा करायच्या मशीनवर. सुरुवातीला त्या धुरानं त्याला मळमळायचं. पुढं काहीच होईना, तेव्हा दोघांना वाटलं, देवानं सवय लावून दिली. अरे, पांडुरंगानं नाक दिलं ते तुळशीच्या वासासाठी. त्यातून काय काय आत गेलं असेल?

कमलबाईनं धुळ्याला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीला, पुनमला, फोन लावला. सगळं सांगून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"आई, नाकात वरच्या बाजूला वासाच्या नसा असतात. त्या थेट मेंदूपर्यंत जातात. रक्तातून मेंदूत शिरायला पहारा असतो, इथं तो कमी. धुरातलं काही या वाटेनं वर जात असावं, असं संशोधक म्हणतात. मेंदूत प्लास्टिकचे कण सापडलेतही. पण नानांचं त्यामुळंच असेल असं नाही. सर्दीनंही वास जातो. डॉक्टरांना दाखवा आधी."

'पण'च्या पुढचं कमलबाईच्या कानात शिरलंच नाही. ती नवऱ्याच्या कपाळाकडे बघत राहिली. त्या हाडामागं काय साचलं असेल?

सुपडूनं फोन ओढून घेतला. "पोरी, वर डोकामा चढनं व्हई ते मना पाठ अभंग पुसाई जातीन का?"

"नाना, मला खरंच माहीत नाही."

त्यानं लगेच अभंग म्हणायला घेतले, एकामागून एक, परीक्षेला बसल्यासारखे. श्वास घ्यायला तो जरा थांबला, की कमलबाई पुढचा शब्द ओठातच म्हणायची. शब्द आला, की ती मनात हात जोडायची.

सकाळी तो नेहमीसारखा कामावर गेला आणि दुपार व्हायच्या आत परतला. डबा न उघडलेलाच होता.

"शेठले म्हनं, दुसरं काम द्या. नही म्हने. मंग मी कामच सोडं."

कमलबाईनं त्याच्या हातातला डबा घेतला. "चांगलं करं. आते तठे जावानं नही."

"मी नही जावाव," सुपडू ओट्यावर टेकला. त्यानं दोन बोटांनी नाक चोळलं, मग कपाळ. "पन जे आतमा गयं, ते कसं निंघी वं?"