आईनं निवडलेला विषय

मास्तरणीनं फ्रीजवर चौथं वेळापत्रक चिकटवलं आणि चिकटपट्टीवरून अंगठा इतक्या जोरात फिरवला, की आतल्या बाटल्या खणखणल्या.

"हे शेवटचं. आता तरी विषय ठरव. गणित, भौतिक की रसायन?"

आईनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "तू म्हणशील तो."

"मी म्हणून काय उपयोग? कॉलेजात तुला जायचंय."

मास्तरीण हे नाव मामानं ठेवलेलं. पोरगी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तिची मास्तरकी चालायची ती फक्त आईवर. आई बावीस वर्षं लाँड्रीत कपड्यांवरचे डाग काढत होती. दोन नंबरच्या बाटलीनं शाई जाते, पाच नंबरच्या बाटलीनं रक्त, हे तिच्या बोटांना पाठ होतं. पण का जातं, ते लाँड्रीच्या मालकालाही ठाऊक नव्हतं. कॉलेजानं नोकरदारांसाठी विज्ञानाचे वर्ग काढले, तेव्हा कुणालाही न विचारता आईनं अर्ज भरला. वर्ग सुरू व्हायला आता दोन महिने होते.

मामाचं मत रसायनाला. "ताई, निम्मं रसायन तुझ्या हातात आहेच. उरलेलं डोक्यात घाल, झालं!"

मास्तरणीनं त्याला गप्प केलं. दोन दगडांवर पाय ठेवू नयेत, इथे तर तीन होते. पाया गणिताचा, तेव्हा उन्हाळाभर गणितच, असं तिनं ठरवलं आणि आईनं मान डोलावली.

पण आई पुस्तक उघडायची आणि पाचव्या मिनिटाला उठायची. एकदा दूध उतू जाईल म्हणून उठली. दूध अजून आणलंच नव्हतं. एकदा नळ ठिबकतोय म्हणून. एकदा तर दाराची बेल वाजली म्हणून. त्यांच्या दाराला बेल नव्हती.

"तुझं अभ्यासात लक्षच नाही," मास्तरीण म्हणाली.

"लक्ष आहे गं," आई उभ्या-उभ्याच म्हणाली. "उद्यापासून लाँड्रीत करत जाईन. जेवणाच्या सुट्टीत."

आठवडाभर आई पुस्तक घेऊन जात होती. एका गुरुवारी पुस्तक टेबलावरच राहिलं, म्हणून मास्तरीण दुपारी ते घेऊन लाँड्रीत गेली. वाफेच्या इस्त्रीमागून मालकानं डोकं वर काढलं.

"त्या कॉलेजात गेल्यात. रोज तासभर जातात. शिकवणी लावलीय म्हणे."

मास्तरणीच्या अंगाचा तिळपापड झाला. घरात हक्काची मुलगी फुकट शिकवायला बसलेली असताना आईनं बाहेर शिकवणी लावावी? ती तडक कॉलेजात पोचली. फाटकाशी शिपाई किल्ल्यांचा जुडगा फिरवत बसला होता.

"काका, इथे शिकवणी कोण घेतं?"

"सुट्टीत? इथे फक्त मी आणि कबुतरं."

"लाँड्रीतल्या बाई येतात ना?"

"हां, त्या! सात नंबरच्या वर्गात आहेत. पहिल्या दिवशी बारा मिनिटं बसल्या. काल चाळीस. घड्याळ मीच लावतो."

"बसतात ठीक आहे, पण शिकतात काय?"

"बसायलाच शिकतात, पोरी. बावीस वर्षं उभ्यानं काम केलं, म्हणाल्या. बूड टेकलं की पाय आपसूक उठतात. भर वर्गात असं पंधरा वेळा उठल्या तर पोरं हसायची नाहीत?"

मास्तरीण पाय न वाजवता सात नंबरपर्यंत गेली. पहिल्या बाकावर आई ताठ बसली होती, बाकाच्या पायाभोवती पावलांची घट्ट अढी घालून. फळ्यापाशी कुणी नव्हतं. तरी आईनं हात अर्धा वर केला, खाली घेतला. मग पुन्हा, या वेळी पार वर.

मास्तरीण आत आली. आईचा चेहरा लालबुंद झाला. पण ती उठली नाही आणि हातही तिनं खाली घेतला नाही.

मास्तरीण फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. "विचारा," ती म्हणाली.

"बाई, वजा गुणिले वजा अधिक होतं, असं पुस्तकात आहे. ते का होतं?"

"तो नियम आहे."

"हो. पण का?"

मास्तरणीनं खडू उचलला. दोन वजा काढले, मध्ये फुली मारली. मागे सरून पाहिलं. तळव्यानं सगळं पुसलं आणि तेच पुन्हा काढलं, या खेपेला मोठं. शाळेपासून आजवर हा नियम तिनं हजार वेळा वापरला असेल. खिडकीबाहेर कबुतरं घुमत होती.

"सावकाश, बाई," आई म्हणाली. "मला अजून वीस मिनिटं बसायचंय."

मास्तरणीनं खडू खाली ठेवला, हात झटकले आणि ती बाकाशी आली.

"सरक जरा," ती म्हणाली.