नंबर जुळतात

गावातल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ड्वाइट प्रेदरने गाडी नेमकी कोर्टासमोरच्या हिरवळीवर, सगळ्यात मोठ्या मेपलच्या सावलीत लावली होती. जागा पकडायला दिवस उगवायच्या आधीच येऊन बसला असणार मेला. बासष्ट सालची लाल कॉर्व्हेट, छत मागे दुमडलेलं, बॉनेट उघडं, आणि पत्रा असा चकचकीत की माशीचा पाय घसरावा. शेजारी दुरुस्तीच्या फोटोंचा जाडजूड अल्बम. काचेवर पाटी : 'विकणे आहे. मूळ इंजिन. सगळे नंबर जुळतात.'

मार्लीन टेटने पाटी लांबूनच वाचली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन आठवड्यांपूर्वी गावच्या साप्ताहिकात हीच जाहिरात, हेच शब्द तिने वाचले होते, तेव्हापासून तिच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. तिला ड्वाइटला चारचौघांत नागडा करायचा होता. पोलीस नको, वकील नको. गाव जमलेलं असावं आणि त्याच्याच तोंडून निघावं, एवढंच.

कारण अठरा वर्षांपूर्वी हाच ड्वाइट तिच्या बापाच्या कोठारात याच इंजिनावर वाकला होता, आणि मान हलवत म्हणाला होता, "लिओ, वाईट बातमी आहे रे. नंबर जुळत नाही."

जुन्या गाड्यांच्या जगात सगळी किंमत त्या एका नंबराला. गाडीच्या पट्टीवरचा नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर एक असला, तर गाडी म्हणजे सोनं. नसला, तर कोणाचं तरी इंजिन कोणाच्या तरी गाडीत बसवलेलं, एवढीच तिची किंमत. लिओ हुफनागेलचे डोळे साखरेने गेले होते, त्याला स्वतःला काही दिसत नव्हतं. उजेडासाठी हातात बॅटरी धरली होती मार्लीनने. पण तीही वाकली नाही. दर रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा माणूस आकडा वाचतोय, तो पुन्हा कोण वाचून बघणार?

आणि लिओ तरी काय माणूस! म्हणाला, "मग कागदावर तसं लिही ड्वाइट. इंजिन मूळचं नाही म्हणून स्पष्ट लिही. उद्या कोणी मला खोटारडा म्हणायला नको." ड्वाइटने मोठ्या साळसूदपणे दोन प्रतींवर लिहिलं, सही ठोकली आणि उपकार केल्यासारखा चेहरा करून गाडी फुकटाच्या भावात ओढून नेली.

तेवढ्यावर भागलं असतं तर मार्लीनने सोडूनही दिलं असतं. पण ते इंजिन गाडीतून उभ्या जन्मात एकदाच बाहेर निघालं होतं, एकाहत्तरच्या हिवाळ्यात, लिओच्या धाकट्या भावाच्या, ऑटोच्या गॅरेजात. मग बदललं कोणी? ऑटोनेच, दुसरं कोण! त्याच संध्याकाळी लिओने भावाला फोन करून नाही नाही ते ऐकवलं. ऑटो शपथा घेत राहिला आणि लिओने फोन आपटला. दोन वर्षांनी लिओ गेला, तोवर दोघांत एका शब्दाची देवघेव झाली नाही. पुढे बापाचं भांडण मार्लीनने चालवलं. ऑटोकाका दुकानात समोर आला की ती मुद्दाम दुसऱ्या रांगेत वळायची.

जाहिरात वाचली आणि तिने आपलं डोकं गच्च धरलं. कपाटातून बापाची प्रत काढली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मेपल स्ट्रीटवरच्या वृद्धाश्रमात गेली. ऑटो नाश्ता करत होता. तिने सगळं भडाभडा सांगितलं, वर्तमानपत्र दाखवलं, कागद दाखवला, रडलीसुद्धा. ऑटोने टोस्ट चावून संपवला.

"शनिवारी ना? किती वाजता?" एवढंच त्याने विचारलं.

आता तो वॉकर टेकत तिच्या मागून हिरवळीवर येत होता. सत्याऐंशी वर्षांचा, पण इस्त्रीचा शर्ट घातलेला. बाजूच्या खाण्याच्या गाडीवरून तळलेल्या पोर्कच्या सँडविचचा वास येत होता. घडीच्या खुर्च्यांवर अर्धं गाव पसरलं होतं. वाटेत दोघं काहीच बोलले नव्हते. मार्लीनला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलंय.

ड्वाइटपाशी एक पाहुणा उभा होता, पांढरी टोपी, महागडे बूट. सिनसिनाटीहून आलेला दातांचा डॉक्टर, पेनिंग्टन. गिऱ्हाईक अगदी तोंडाशी आलेलं. ड्वाइट त्याला फोटो दाखवत होता, ड्वाइटची बायको जोलीन लिंबूसरबत पुढे करत होती.

मार्लीन सरळ बॉनेटपाशी गेली आणि वाकली. जे अठरा वर्षांपूर्वी करायचं ते आज. आधी पट्टीवरचा नंबर, मग इंजिनाच्या पुढच्या अंगाला ठोकलेला. एकेक आकडा बोट ठेवून वाचला. तोच. अगदी तोच. त्याच क्षणी ड्वाइटचा गळा धरावा असं तिला वाटलं.

"अगं मार्लीन!" ड्वाइट हसत आला. "किती वर्षांनी! बघ, तुझ्या बाबांची गाडी कशी नवरीसारखी नटवली."

"हो रे. बघतेय," मार्लीन म्हणाली. "डॉक्टरसाहेब, एक विचारू का? तुम्ही नंबर बघितलात?"

"बघितले तर. तेवढ्यासाठीच तर एवढ्या लांब आलो."

"मग हेही बघा." तिने पर्समधून कागद काढून त्याच्या हातात दिला. "अक्षर यांचंच. सहीसुद्धा यांचीच."

डॉक्टरने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "'इंजिन मूळचं नाही, नंबर जुळत नाही, हे पाहून विकत घेतली. ड्वाइट प्रेदर.'" त्याने चष्म्यावरून ड्वाइटकडे बघितलं. "हे काय आहे?"

आसपासच्या खुर्च्या कुरकुरल्या. माणसं जवळ सरकायला लागली.

"जुनी गोष्ट आहे हो," ड्वाइट म्हणाला. पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "कोठारात अंधार होता, ग्रीस साचलेलं होतं..."

"बॅटरी मी धरली होती, ड्वाइट. तू नंबर आकड्यानिशी वाचून दाखवलास. दोनदा," मार्लीन म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो चढायलाच हवा होता. "आता सोपं आहे बघ. तेव्हा नंबर जुळत नव्हता, तर आज कसा जुळला? म्हणजे तू जुना घासून काढलास आणि नवा ठोकलास. डॉक्टरसाहेब, असं करतात म्हणे लोक. नाहीतर नंबर तेव्हाही हाच होता, आणि तू एका आंधळ्या माणसाला त्याच्याच कोठारात उभं राहून लुबाडलंस. बोल, कुठला चोर आहेस? आजचा की तेव्हाचा?"

जोलीनने सरबताचा जग खाली ठेवला.

"मिस्टर प्रेदर," डॉक्टरने कागदाची घडी घातली, "नंबर नंतर ठोकलेला असेल तर मी आत्ता निघतो. आणि माझ्या क्लबातल्या झाडून सगळ्यांना सांगतो."

मार्लीनला ठाऊक होतं तो काय निवडणार. पैशापुढे अब्रू टिकते थोडीच असल्यांची! ड्वाइटने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा बायकोकडे.

"नंबर खरा आहे," तो पुटपुटला. "पहिल्यापासून हाच आहे."

"ऐकू नाही आलं."

"आधीपासून हाच होता! मी खोटं सांगितलं. झालं समाधान?"

"मला नको सांगू. त्यांना सांग." मार्लीनने बाजूला होऊन ऑटोकडे हात केला.

म्हातारा वॉकरवर दोन्ही हात टेकून उभा होता. ड्वाइटने त्याच्या बुटांकडे बघत सांगितलं, "ऑटो, तुम्ही इंजिन बदललं नव्हतं. मला माहीत होतं."

"मलाही," ऑटो म्हणाला.

मागून कोणीतरी म्हणालं, "लिओ मरेपर्यंत भावाशी बोलला नाही रे, हरामखोरा." जोलीनने अल्बम मिटला, पर्स उचलली आणि हिरवळ ओलांडून चालायला लागली. चर्चमधली दोन जोडपी होती, त्यांनीही पाठ फिरवली. ड्वाइट तिथेच खांबासारखा उभा राहिला. मार्लीनच्या काळजाला गारवा आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिला सपाटून भूक लागली.

"इंजिन मूळचं आहे तर मी एक फेरी मारून बघेन," डॉक्टर कोरडेपणाने म्हणाला. ड्वाइटने मान वर न करता किल्ली दिली. डॉक्टरने बॉनेट लावलं, आत बसून गाडी सुरू केली. इंजिन खोल, एकसारखं घुमायला लागलं. ऑटोने मान जराशी तिरपी केली आणि बराच वेळ ऐकलं.

"वॉल्व्ह मी बसवलेत हे," तो डॉक्टरला म्हणाला. "मेपल स्ट्रीटवरून जाणार असाल तर मला तिथे सोडाल का?"

"अहो, आनंदाने! बसा."

"ऑटोकाका, कशाला?" मार्लीन पुढे झाली. "माझी गाडी तिकडेच आहे. आधी आपण काहीतरी खाऊ, मग मी सोडते ना तुम्हाला."

"नको."

"पण आता सगळं स्पष्ट झालं ना! सगळ्या गावासमोर कबूल केलं त्याने. तुमच्यावरचा डाग पुसला."

"माझ्यावर डाग नव्हताच, मार्लीन. मी काय केलं आणि काय नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती." तो सावकाश बोलत होता, रागाचा लवलेश नव्हता आवाजात. "हा ड्वाइट माझा कोण लागतो? चोर होता, चोरी केली. लिओच्या अंत्यविधीला मी फुलं घेऊन आलो होतो. मला दारात ड्वाइटने नाही अडवलं. तू अडवलंस. म्हणालीस, फुलं ठेवा आणि निघा."

"काका, मला तेव्हा वाटलं की..."

"मला विचारलंस? एकदा तरी?"

मार्लीन काय सांगणार होती? विचारलं नव्हतंच.

दोघा बाप्यांनी ऑटोला बगलेत धरून खालच्या सीटवर नीट बसवलं. गाडीत दोनच सीट. त्याने पट्टा लावला आणि समोर बघितलं.

"वॉकर यात मावत नाही. तो तेवढा मागून आण. दारात ठेव आणि निघ."

लाल गाडी हिरवळीवरून उतरून रस्त्याला लागली. वाऱ्याने म्हाताऱ्याचे चार पांढरे केस उडाले. त्याने मागे वळून बघितलं नाही. कोणीतरी मार्लीनच्या खांद्यावर थाप मारली. "शाब्बास पोरी! चांगली जिरवलीस त्याची." दुसऱ्याने तिच्यापुढे गरम सँडविचची प्लेट धरली.

"नको," ती म्हणाली. तिने वॉकर मिटला, काखेत मारला आणि आपल्या गाडीकडे चालायला लागली.