मालकिणीने पुढे चालायचं

एदुविनाने कोठीच्या खोलीत गुडघे टेकले आणि कोपऱ्यातल्या फळीवर बोटांनी टकटक केलं. मग तळहात पसरून फळीवर ठेवला आणि वाट बघत राहिली. फळी गारच होती. बाहेर लोक घराच्या खिडक्यांच्या काचा काढत होते. घर ओढून न्यायचं तर काचा आधी काढाव्या लागतात, नाहीतर पहिल्याच हिसक्याला त्यांचा चुरा होतो.

"काय चाललंय? उंदीर शोधतेयस का?" ओर्फेलिनाने दारातून विचारलं. ही तिची शाळेतली मैत्रीण. बेटावर परत आल्यापासून एदुविना तिच्याकडेच उतरली होती.

"हा कोपरा गरम असायचा."

"झालं सुरू. अगं, खाली मेंढ्या झोपायच्या तुमच्या. त्यांची ऊब."

"मेंढ्या विकल्या, त्यानंतरही गरम असायचा."

ओर्फेलिनाने हात उडवले. या विषयावर दोघींचं कधीच जमलं नव्हतं.

आई गेल्यावर एदुविनाच्या बापाचं डोकं कशानेही फिरायचं. दूध उतू गेलं, जाळं फाटलं, नाहीतर काहीच झालं नाही, तरी पोर कोठीत जायची आणि दाराला बाहेरून अडसर पडायचा. खोली दक्षिणेकडची. चिलीतल्या चिलोए बेटावर दक्षिणेचा वारा कसा हाडं गोठवतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पोर आधी रडायची, मग रडणं संपलं की कोपऱ्यात पाठ टेकून फळीवर बोटं वाजवत बसायची. आणि थोड्या वेळाने, कशी कोण जाणे, तिच्या बुडाखालची फळी कोमट व्हायची. ही ऊब आपण आणतो, आपल्या बोटांनी आणतो, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

ते तिला आयुष्यभर पुरलं. थोरली झाल्यावर ती बेट सोडून पुएर्तो माँत शहरात गेली आणि साल्मन साफ करायच्या कारखान्यात, बर्फाच्या खोलीत कामाला लागली. बाकीच्या बायका स्वेटरवर स्वेटर चढवून कुडकुडायच्या, एदुविना पातळ सदऱ्यात उभी. ही बाई नाही, मासाच आहे, असं मुकादम म्हणायचा. नवरा वारला तेव्हाही तिने टेबलाच्या कडेवर बोटं वाजवली आणि स्वयंपाकाला लागली. कुणापुढे हात पसरणं तिला ठाऊकच नव्हतं. शाल तिच्या घरात नव्हती.

आता बाप मेला होता. जमीन सावत्र भावाकडे गेली, घर तिच्या वाट्याला आलं. सगळ्यांना वाटलं, ही ते मोडून लाकूड विकेल. हिने मिंगा घालायचं ठरवलं. मिंगा म्हणजे अख्ख्या गावाने मिळून एकाचं काम करायचं आणि त्या एकाने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. वर टेकाडावर आईच्या सफरचंदांच्या झाडांपाशी थोडी जागा होती. घर तिथे ओढून न्यायचं होतं.

"या घरात राहणार तू?" ओर्फेलिनाने पुन्हा एकदा विचारलं. "मी असते तर काडी लावली असती."

"लावावीशी वाटली होती. पण बघायचंय मला."

"काय बघायचंय?"

"जागा बदलली की हे घर कसं वागतं ते."

"घर काय वागणार? कुरकुरेल." ओर्फेलिना हसली, मग जरा गंभीर झाली. "बाकी सगळ्यांना मी सांगून आलेय. पण बाउदिलिओकाकाचे बैल नसले तर हे घर टेकाड चढत नाही. आणि त्याच्याकडे तुलाच जावं लागेल. बैलवाल्याला मालकिणीने स्वतःच्या तोंडाने विनंती करायची असते."

एदुविना उठली आणि गुडघ्यांवरची धूळ झटकत राहिली. धूळ केव्हाच गेली होती.

बाउदिलिओचं घर सगळ्यांत जवळचं, कुंपणापलीकडे. लहानपणी कोठीच्या फटीतून तिला त्याचा कंदील दिसायचा. ती रडायला लागली की कंदील कुंपण ओलांडून यायचा, जवळ यायचा, आणि मग विझायचा. दार मात्र कधी वाजलं नाही. माणूस येतो, ऐकतो आणि परत जातो, एवढंच तिला समजलं होतं. बापाला तिने एकवेळ माफ केलं असतं, या माणसाला नाही.

तो अंगणात जोखडाच्या वाद्यांना चरबी चोळत बसला होता. म्हातारा झाला होता, पण मनगटं तशीच जाड. एदुविना उभीच राहिली. होकार मिळेपर्यंत बसायचं नसतं.

"काका," ती म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य तिने वाटेत दहादा म्हणून पाहिलं होतं. "माझं घर टेकाडावर न्यायचंय. तुमचे बैल द्या. विनंती करते."

त्याने वर बघितलं नाही. "कधी?"

"शनिवारी."

"येईन." मग बराच वेळ तो वादी चोळत राहिला. "घराखाली ओंडके घालायचं काम मी करणार. दुसऱ्या कुणाला खाली जाऊ द्यायचं नाही. आणि घर हललं की मालकिणीने पुढे चालायचं. मागे जाऊन रिकामी जागा बघायची नसते."

"का बरं?"

"रीत आहे."

शनिवारी सकाळी धुकं होतं, पण माणसं आली. बायका बटाटे किसायला बसल्या, पुरुषांनी दोर ओले करून घेतले. बैलांच्या जोड्या एकापुढे एक जुंपल्या, सगळ्यांत मागे, घराला लागून, बाउदिलिओची जोडी. सांगितल्याप्रमाणे आदल्या दिवशी तो एकटाच घराखाली सरपटत गेला होता आणि मातीने माखून बाहेर आला होता. कोठीच्या बाजूला तर त्याने कुणाला फिरकूही दिलं नव्हतं.

आरोळी उठली. दोर ताणले गेले, बैलांनी माना खाली घातल्या, आणि घर एखाद्या म्हातारीसारखं कण्हून जागेवरून उठलं. एदुविना पुढे चालत होती. मागे लाकडं करकरत होती, पोरं ओरडत होती, कुणीतरी बैलांना लाडाने शिव्या देत होतं. आपण इतकी वर्षं ज्या घराला भ्यायलो ते आपल्या मागून मुकाट्याने येतंय, या गोष्टीची तिला गंमत वाटली. ती हसलीसुद्धा.

टेकाडाच्या पायथ्याशी बैलांना दम खाऊ द्यायला सगळे थांबले. ओर्फेलिना चिचाचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, जग घेऊन आली.

"तू मघापासून पुढेच का चालतेयस? लग्नाच्या वरातीत असल्यासारखी."

"मागे जायचं नसतं ना मालकिणीने. रिकामी जागा बघायची नसते."

"हे कुणी सांगितलं? असली रीत मी जन्मात ऐकली नाही. माझ्या आईचं घर ओढलं तेव्हा ती सगळ्यांत आधी मागे धावली होती, हरवलेली कात्री शोधायला. सापडलीसुद्धा."

एदुविनाने जग तिच्या हातात परत दिला आणि उतरणीला लागली.

घर होतं तिथे आता गवत नसलेला एक चौकोन होता, काळ्या, कोरड्या मातीचा. एवढंसं दिसत होतं ते. चूल कुठे, बापाची खाट कुठे, हे तिने पावलांनी अदमासाने ओळखलं. मग कोठीची बाजू. तिथे ती थांबली.

कोपऱ्यात दगडांचा ढीग होता. समुद्रकाठचे गोल दगड, काही काळे, काही भाजून लाल झालेले, बरेचसे मधोमध तडकलेले. सगळ्यांत वरचे कोठीच्या फळीला लागतील इतके उंच रचलेले. मधूनमधून गोणपाटाच्या कुजलेल्या चिंध्या. असे दगड ओळखायला बेटावरच्या माणसाला वेळ लागत नाही. खड्ड्यात तापवलेल्या अशाच दगडांवर शिंपल्या, मांस आणि बटाटे रचून कुरान्तो शिजवतात, आणि आज वर सफरचंदांपाशी तोच शिजत होता. पण घराखाली कुणी कुरान्तो शिजवत नाही.

तिला आधी रागच आला. ती ऊब तिची स्वतःची होती. त्या एका गोष्टीवर तिने बर्फाच्या खोलीतली वर्षं काढली, नवऱ्याचं मरण सोसलं. आता कळत होतं, की ती कुणीतरी गोणपाटात गुंडाळून आणून देत होतं. आपल्या हातून काहीतरी काढून घेतल्यासारखं तिला वाटलं. तिने एक दगड उचलला आणि लगेच खाली ठेवला.

मागे पावलं वाजली.

"पुढे चालायला सांगितलं होतं तुला," बाउदिलिओ म्हणाला.

"अशी रीत नाहीये, काका."

"नाहीये." त्याने टोपी काढून हातात धरली. "काल काढून टाकणार होतो. हात लावला आणि ठेवून दिले."

"कंदील तुमचाच असायचा."

"माझाच."

"मला वाटायचं, तुम्ही येता आणि परत जाता."

"परतच जायचो की. अडसर काढायची छाती नव्हती माझी. तुझ्या बापाला मी भ्यायचो." तो ढिगाकडे बघत बोलत होता. "मिसरूड फुटलेला बाप्या मी, आणि दिवा विझवून कुत्र्यासारखा घराखाली सरपटायचो. ते कुणी बघू नये असं वाटायचं. तू तर नाहीच."

वरून कुणीतरी त्याला हाक मारली. बैल चुळबुळ करत होते. तो हलला नाही. एदुविनाला त्याला खूप काही बोलायचं होतं, चांगलं आणि वाईट दोन्ही, पण तोंडातून भलतंच निघालं.

"मी नेमकी कुठे बसलेय ते कसं कळायचं?"

"म्हणजे काय? तू वाजवायचीस ना फळी. टकटक. वाजलं की तिथे दगड सरकवायचे."

एदुविनाने आपल्या बोटांकडे पाहिलं. तिची बोटं आत्ताही अंगठ्यावर वाजत होती. आजवर तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"आणि वाजवलं नाही तर?"

"एकदा नाही वाजवलंस." तो म्हणाला. "दगड गार झाले तरी इथेच बसून राहिलो. सकाळी तू मेंढ्या सोडायला बाहेर आलीस, मग घरी गेलो."

एदुविनाने कमरेला बांधलेल्या ॲप्रनने तोंड पुसलं आणि वाकून दगड ओच्यात भरायला लागली.

"कशाला घेतेस? तडकलेत ते. पुन्हा तापवले तर फुटतील."

"फुटले तर फुटले. कडेला ठेवू."

बाउदिलिओने टोपी डोक्यावर ठेवली, गुडघा टेकला, आणि तोही एकेक दगड तिच्या ओच्यात ठेवू लागला.

संध्याकाळच्या आत घर सफरचंदांपाशी पोचलं. मोठमोठ्या पानांखाली झाकलेला कुरान्तो उघडला, वाफ उठली, आणि सगळं टेकाड शिंपल्यांच्या वासाने भरून गेलं. पहिली थाळी एदुविनाने बाउदिलिओपुढे ठेवली. "सांभाळून, चटका बसेल," एवढंच म्हणाली. त्याने मान हलवली आणि जेवायला लागला. एक जुना दगड खड्ड्याच्या कडेला फटकन फुटला तेव्हा पोरं खिदळली.

सगळे जेवत असताना ती घरात शिरली. जमीन थोडी कललेली होती, पायाखाली नवीनच काहीतरी लागत होतं. कोठीची खिडकी आता समुद्राकडे होती. काचा बसवायच्या होत्या, त्यामुळे वारा सरळ आत येत होता. ती कोपऱ्यात जाऊन बसली, पाठ टेकली, आणि फळीवर बोटांनी टकटक केलं.

फळी गार होती. ती वाट बघत राहिली, तशी गारच राहिली. मग तिच्या खांद्यांत काहीतरी सुरू झालं. बारीकशी थरथर, ती पाठीवरून खाली उतरली, मग दातही वाजायला लागले. तिने हात डोळ्यांसमोर धरून पाहिले. दंडावर काटा आला होता. हे काय आहे ते तिने नीट न्याहाळलं, दुसऱ्या कुणाच्या अंगाकडे बघावं तसं. कारखान्यातल्या बायका याच्याबद्दल बोलायच्या तर.

"ओर्फेलिना," तिने खिडकीतून हाक मारली.

"काय गं? कुठेयस?"

"कोठीत. मला थंडी वाजतेय."

बाहेरचं बोलणं थांबलं.

"कुणाला?"

"मला गं. तुझी शाल आण."

गवतातून पावलं घाईघाईने येताना ऐकू आली. एदुविना कोपऱ्यात तशीच बसून राहिली, अंग चोरून, कुडकुडत.

"ये आत," ती म्हणाली. "दार उघडंच आहे."