कोऱ्या काचेला अठ्ठ्याण्णव गुण

प्रयोगशाळेच्या दारात बुटांचा ढीग पडला होता आणि आत मुंगी शिरायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरचे, खालच्या मजल्यावरचे, अगदी कॅन्टीनवालाही पडद्याकडे डोळे लावून उभा होता. पडद्यावर प्रकाश वाटणाऱ्या नव्या चिपवरच्या एका भागाचं चित्र होतं: केसाच्या जाडीएवढी काच आणि तिच्यावर कसर लागलेल्या कापडासारखी भोकंच भोकं. खाली गुणांचा आकडा, शंभरात नव्व्याण्णव.

"हे माणसानं काढलेलं नाही!" विभागप्रमुख गरजले. पाठीमागे त्यांना सगळे महाराज म्हणत, ते काही उगाच नाही. "संगणकानं भोकांचे हजारो नकाशे जन्माला घातले. चांगल्यांची लग्नं लावली, वाईट मारून टाकले. चाळीस हजार पिढ्या! निसर्गाला युगं लागतात, आम्हाला आठ दिवस लागले. कसं झालं ते विचारू नका, आपली बुद्धी तोकडी. फक्त बघा!"

लोकांनी बघितलं. एकानं तर हातही जोडले.

पट्टीबाई मात्र भिंतीला टेकून उभ्या होत्या. मोजमाप हे त्यांचं काम, म्हणून हे नाव. चिपनं एवढंच करायचं होतं: लाल प्रकाश डाव्या वाटेनं काढायचा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजव्या. दोन्हींची तुलना केली की बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन कळतो. पण नव्व्याण्णव? पंचवीस वर्षांत इतकं चांगलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती.

रुग्णालयाच्या नवजात विभागातल्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "सर, या चिपचं तुमचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र सकाळपासून एका बाळाच्या पायाला लावलंय. काय स्थिर आहे हो! सत्त्याण्णव म्हणजे सत्त्याण्णव. बाळ रडलं, पाय झाडले, तरी आकडा ढळला नाही."

टाळ्या पडल्या. पट्टीबाई भिंतीपासून पुढे आल्या.

"सर, कोरी काच ठेवून बघितली होती का?"

तो इथला शिरस्ताच होता. काहीही न कोरलेली काच आधी तपासायची. तिला जवळजवळ शून्य मिळालं, तरच पुढे जायचं. या वेळी घाईत ते राहून गेलं होतं.

"बाई, चांगल्या कामात मिठाचा खडा टाकू नका."

पट्टीबाई संगणकापाशी बसल्या. नकाशा पुसला, कोरी काच ठेवली. मिनिटभरात आकडा आला: अठ्ठ्याण्णव.

"म्हणजे कोऱ्या उत्तरपत्रिकेलाही पहिला नंबर?" कॅन्टीनवाला म्हणाला.

"चूक माझी आहे," पट्टीबाई म्हणाल्या. "प्रकाश मोजायची रेघ मी आखली. डाव्या-उजव्या वाटांच्या दोन अरुंद दारांपुढे दोन छोट्या रेघा हव्या होत्या, एकेका रंगाची एक. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच ओढली. म्हटलं, नंतर आखडू. खऱ्या चिपपुढेही तसंच रुंद भिंग लावलं. कुठलाही प्रकाश कुठूनही आला तरी गुण मिळणार, मग संगणक रंग कशाला निवडेल? चाळीस हजार पिढ्यांत तो एवढंच शिकला, की प्रकाशाच्या वाटेत यायचं नाही. आपण मागितलं तेच त्यानं दिलं."

"आणि माझ्या वॉर्डातल्या बाळाचा आकडा?"

"दोन्ही रंग मिसळून येतायत. तो आकडा बाळाचा नाहीच."

डॉक्टरीणबाईंनी तोवर फोन लावलाही होता. "सिस्टर, सहा नंबरचं बाळ बघा."

"सत्त्याण्णव आहे, मॅडम."

"यंत्राकडे नको! ओठ बघा, ओठ!"

"मॅडम... निळसर दिसतायत."

"ऑक्सिजन लावा, जुनं यंत्र जोडा, मी निघाले!" त्या धावत सुटल्या. बूट घालायलाही थांबल्या नाहीत.

महाराज खुर्चीत बसले. पडद्याकडे बघत पुटपुटले, "चित्र मात्र सुंदर होतं."

पट्टीबाईंनी रेघा आखडल्या. तोच नकाशा, तोच संगणक, गुण अकरा. संध्याकाळी फोन आला, बाळ गुलाबी झालंय. पण ते किती वेळ निळं होतं, हे कुणालाच सांगता येईना. तेवढा वेळ सगळे आकडा बघत होते.

तेव्हा बाबांनो, कुणी नव्व्याण्णव दाखवले, तर हात जोडण्याआधी कोरी काच ठेवून बघा. आणि आकडा कितीही देखणा असो, एकदा बाळाच्या ओठांकडे बघा.